रस्ता अडला की कोण अडतं?





मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात कुठलीही यंत्रणा उभी करण्याआधी एक प्रश्न विचारतात : यातला कोणता एक दुवा तुटला तर सगळंच बंद पडेल? आज हाच प्रश्न मला आपल्या संग्रामपूर तालुक्याच्या रस्त्यांना विचारायचा आहे. मोठ्या शहरात एक रस्ता बंद झाला तर शेजारची गल्ली असते. आपल्याकडे काही गावांना बाहेर पडायला एकच धड रस्ता असतो आणि त्यावर एकच पूल. मोठ्या उपचारासाठी शेगाव, खामगाव, नाहीतर थेट अकोला गाठावं लागतं. आपला रस्ता अडतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी श्वास अडलेला असू शकतो.

पोलीस आपल्याला नेहमीच्या सूचना देतात. हेल्मेट घाला, पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, मिरवणुकीत वाट ठेवा, पोराच्या हातात गाडी देऊ नका. या सूचना आपण दंडाच्या भीतीनं ऐकतो आणि पोलीस वळला की विसरतो. त्या दंडासाठी नाहीत, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हक्कासाठी आहेत, असं एकदा मानून बघूया.

सुरुवात पाण्यापासून करतो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली, पूर आला, ते दिवस आपल्याला आठवतात. अशा वेळी पुलावर उभा असलेला पोलीस अडवतो आणि आपण म्हणतो, 'साहेब, घोट्याएवढंच तर पाणी आहे.' पण वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी माणसाचे पाय उचलतं आणि पाण्याखालचा रस्ता शिल्लक आहे की खचलाय हे वरून कळत नाही. एकजण वाहून गेला की त्याला शोधायला दहाजण जीव धोक्यात घालतात. म्हणजे तुमचं धाडस फक्त तुमचं राहत नाही.

आता दुचाकी. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं आणि त्यांतले १४ हजारांहून जास्त मागच्या सीटवर बसलेले होते. म्हणजे आपली अम्मी, बहीण, बायको, दोस्त. एक साधा हिशोब करा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. मोबाईलवरचा मेसेज बघायला तीन सेकंद लागले तर तुम्ही ५० मीटर डोळे मिटून गाडी चालवली. तेवढ्या अंतरात शाळेतून परतणारी अख्खी रांग मावते.

ट्यूशनला जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात गाडीची किल्ली देणाऱ्या अब्बांनाही एक सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार अशा प्रकरणात पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. लाडाची ही किंमत फार मोठी आहे.

तिसरा विषय थोडा नाजूक आहे, पण घरातल्या माणसांत बोललाच पाहिजे. आपला जुलूस, आपली वरात, जुम्म्याच्या नमाजला मशिदीबाहेर लागलेल्या गाड्या. लगेच कुणीतरी म्हणतं, 'त्यांच्या मिरवणुकीला कोण विचारतं?' नियम सगळ्यांना सारखा लागू व्हावा ही मागणी रास्त आहे, ती सनदशीर मार्गानं जरूर करा. पण ती मान्य होईपर्यंत ॲम्ब्युलन्स थांबत नाही. आणि त्या ॲम्ब्युलन्समधल्या माणसाचा मजहब बाहेरून दिसत नाही.

एक उदाहरण आपल्याच राज्यातलं. २८ सप्टेंबर २०२३ रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली होती. मुंबईतल्या मुस्लिम नेतृत्वानं जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारनं ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. यात कुणाचा ईमान कमी झाला नाही, उलट शहराचा ताण कमी झाला. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग आहे, अशी शिकवण आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. मग आडवी लावलेली आपली मोटारसायकल ही त्रासदायक वस्तू नाही का?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अपघात दिसतो, गर्दी जमते, मोबाईल बाहेर निघतात आणि जखमीला उचलायला कुणी पुढे येत नाही. कारण एकच : 'पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार?' आपल्या पोरांच्या मनात ही भीती जरा जास्तच असते आणि ती उगीच नसते, हे मला ठाऊक आहे. पण म्हणूनच कायदा माहीत हवा. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केलं. नंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही. शिवाय २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. म्हणून ११२ आणि १०८ हे दोन नंबर पाठ ठेवा आणि पुढे व्हा.

१ जुलै २०२३ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि २५ माणसं गेली. महामार्ग नवा असला म्हणून तो सुरक्षित होतोच असं नाही. रस्ता सुरक्षित करणारी माणसं लागतात.

सूचना फक्त पोलिसांनीच द्यायच्या असंही नाही. तुमच्या गावाजवळचं आंधळं वळण, कठडा नसलेला पूल, रात्री दिवा नसलेला फाटा, शाळेसमोर नसलेला गतिरोधक यांची यादी करा. जागा, फोटो, तारीख लिहा. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक सार्वजनिक बांधकाम विभागात, एक ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले की त्याला 'ब्लॅक स्पॉट' ठरवतात. पाचवा अपघात होण्याची वाट आपण का बघायची?

यादी या महिन्यात करा. सह्यांमध्ये सगळ्या मोहल्ल्यांची, सगळ्या समाजांची नावं असू द्या. तो पूल सगळ्यांचा आहे.