दोनशे सत्तर रुपये आणि कापरेकर मास्तर

जवळ कागद-पेन असेल तर घेऊन बसा, आज आकडे मांडायचे आहेत.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या हिशोबात २७० रुपये कमी पडले. सोलां आणि सुक्या मासळीच्या विक्रीचे पैसे. दोन बैठका त्यातच गेल्या. खजिनदार रडवेली होऊन म्हणाली, "माका तुमचे पैशे खाऊन काय करूचा आसा?" उघड कुणी काही बोललं नव्हतं, पण गप्प बसणंही आरोपासारखंच लागतं.

शेवटी गटातल्या एका निवृत्त बाईंनी विचारलं, "२७० ला नवाने भाग जातो ना? मग कुठे आकडे उलटसुलट झालेत का बघा." झालेच होते. पावतीवर २,५८०, वहीत २,८५०.

हे कसं? ८५ चे ५८ करून बघा. ८० चे ८ झाले, बहात्तर घटले, म्हणजे नऊ आठे. ५ चे ५० झाले, पंचेचाळीस वाढले, म्हणजे नऊ पाचे. फरक २७. आकड्यांची जागा बदलली की फरक नवाच्या पाढ्यातच येतो. अर्थात ९० रुपयांचा हप्ता लिहायचा राहिला तरी फरक नवात बसेल. म्हणून संशय धरण्याआधी उलटे आकडे शोधायचे, इतकंच.

याच खेळात आयुष्यभर रमलेले एक शाळामास्तर आपल्याकडे होऊन गेले, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत, १९६२ पर्यंत. त्यांची गंमत आपल्या चुकलेल्या २८५० वरच करू. त्यातल्या अंकांची सर्वांत मोठी संख्या ८५२०, सर्वांत लहान ०२५८. वजा केली, ८२६२. पुन्हा तसंच: ६३५४, ३०८७, ८३५२, आणि मग ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसले की कोणतीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत इथेच येते. हे त्यांना १९४९ मध्ये सापडलं.

आता मोठी संख्या. नऊ वेळा १ लिहा, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. नवापर्यंत चढते, तशीच उतरते. मुंबईजवळच्या डेमलो स्टेशनवर सुचल्या म्हणून अशा संख्यांना मास्तरांनी डेमलो संख्या म्हटलं. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पुरता भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी. मोबाइलवर हा भागाकार धड मावत नाही, हाताने करा. उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य.

आमच्या खजिनदारीणबाईंनी तो वहीच्या मागच्या पानावर केलाय. पुढच्या पानावर २,८५० वर लाल रेघ, बाजूला २,५८०, आणि खाली आम्हा तिघींच्या सह्या.