बॉयलरचा सोबती सूर्य



पनवेलजवळच्या खांदा कॉलनींत दिवेलागणीची वेळ झाली, कीं घरोघरचे दिवे आणि पंखे एकदम वीज मागूं लागतात. आणि नेमका त्याच वेळीं सूर्यनारायण आपला निरोप घेत असतो. सूर्याच्या उष्णतेवर वीज करूं पाहणाऱ्यांची मुख्य अडचण ती हीच. म्हणून सूर्यानें बॉयलरची जागा घ्यावी असें न म्हणतां, त्यानें बॉयलरला हातभार लावावा, हा विचार आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

उन्हावर वाफ करण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाहीं. १८७८ सालीं मुंबईंत विल्यम ॲडम्स या गृहस्थांनीं सपाट आरसे अर्धवर्तुळांत मांडून त्यांचें तेज एका बॉयलरवर पाडलें, आणि त्या वाफेवर सुमारें अडीच अश्वशक्तीचें इंजिन चालवून दाखविलें. पण सूर्य मावळला कीं इंजिनहि थांबावयाचें!

शिर्डीच्या साईबाबा संस्थाननें २००९ सालीं स्वयंपाकाच्या वाफेसाठीं ७३ अंतर्गोल परावर्तक बसविले, तेव्हां जुना बॉयलर मोडीत काढला नाहीं. ऊन असतां सूर्याची वाफ आणि ढग आले असतां बॉयलरची, अशी योजना झाली. अन्न शिजावयाचें थांबत नाहीं आणि इंधनहि वांचतें.

विजेच्या कारखान्यांतहि हेंच साधतां येतें. कोळशाच्या केंद्रांत बॉयलरमध्यें जाणारें पाणी आधीं तापवावें लागतें, आणि त्यासाठीं टर्बाइनमधून कांहीं वाफ मध्येंच काढून घेतात. हें पाणी सूर्यानें तापविलें, तर ती वाफ टर्बाइनमध्येंच राहून अधिक वीज देईल. किंवा तितकीच वीज कमी कोळशांत मिळेल.

नैसर्गिक वायूच्या केंद्रांतहि सूर्याला जागा आहे. खांदा कॉलनीच्याच रायगड जिल्ह्यांत, उरण येथें महानिर्मितीचें ६७२ मेगावॉटचें असें केंद्र आहे. वायूच्या टर्बाइनमधून निघणाऱ्या तप्त धुरावर तेथें वाफ करतात, आणि त्या वाफेवर वाफेची टर्बाइन चालवितात. अशाच रचनेच्या केंद्राला सूर्याची जोड दिल्याचें उदाहरण ईजिप्तमधील कुरैमात येथें २०११ पासून आहे. तेथें एकूण सुमारें १४० मेगावॉटपैकीं सुमारें २० मेगावॉट सूर्याच्या वाट्याचे. वाफेची टर्बाइन, जनित्र आणि तारा मात्र सामाईक.

मग उरणलाहि तसेंच कां करूं नये? येथें घाई नको. त्या २० मेगावॉटसाठीं वाळवंटांत सुमारें १ लाख ३० हजार चौरस मीटर आरसे मांडावे लागले. शिवाय आरशांना थेट ऊन हवें. कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने ढगांचे, एरव्हींहि हवा दमट, आणि पनवेल-उरण परिसरांत मोकळी जमीन दुर्मिळ.

परळी किंवा भुसावळ येथील कोळशाच्या केंद्रांचा विचार त्याआधीं व्हावा. तिकडे हवा कोरडी, आकाश पुष्कळ दिवस निरभ्र. आरसे धुण्यास पाणी मात्र लागेल, आणि परळीला त्याचीच टंचाई, हेंहि हिशेबांत धरलें पाहिजे. वीज तारांतून दूरवर नेतां येते. ऊन मात्र जेथें पडतें तेथेंच वेंचावें लागतें. दिवसा सूर्यानें वांचविलेला कोळसा रात्रीं कामास येईल. इतकें साधलें तरी या सोबतीचें सार्थक झालें असें मी म्हणेन.