चौकोनातला पक्षी



नियमाने कला मरते, असे आपण सहज म्हणतो. डच चित्रकार एशर याचा अनुभव निराळा आहे. शाळेत हा गणितात कच्चा. १९३६ साली स्पेनमधील अल्हाम्ब्रा राजवाड्यात पत्नीसह बसून त्याने भिंतींवरील रंगीत फरशांची नक्षी उतरवून घेतली. तिच्यात केवळ भूमितीच्या आकृती होत्या. एशरने पुढे तशाच जाळ्यांतून मासे आणि पक्षी काढले.

युक्ती साधी आहे. चौकोनाच्या एका कडेचा तुकडा कापावा व समोरच्या कडेस, सरळ पलीकडे, जोडावा. क्षेत्रफळ तेवढेच राहते. असे कितीही तुकडे मांडा, फट पडत नाही. पक्ष्याला पंख मिळतात ते या देवघेवीच्या नियमातूनच.

तेव्हा घरी गणिताला भिणारे मूल असेल, तर त्याच्या हाती आज पुठ्ठा आणि कात्री द्या, एवढीच विनंती.