वसुलीवाले सर दारात आले तर…

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेली मांडणी)

आज बोलायचंय ते गटाच्या कर्जाबद्दल नाही, मायक्रोफायनान्सच्या कर्जाबद्दल. हात वर करायला सांगत नाही, पण काही घरांत दोन-दोन, तीन-तीन कार्डं आहेत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

वसुली कशी चालते बघा. येणाऱ्या सरांच्या हातात यादी असते. किती जमलं यावर बऱ्याच ठिकाणी त्यांचा इन्सेन्टिव्ह ठरतो, म्हणून त्यांना रिकाम्या हाती परत जायचं नसतं. एकीचा हप्ता राहिला की बाकीच्यांना बसवून ठेवतात, "तुम्ही भरा, नाहीतर तिला बोलवा." मग आपल्याच बाया तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावतात. म्हणजे कंपनीचं काम आपण करतो, तेही फुकट. मला हे सगळ्यात जास्त खटकतं.

घेतलेले पैसे द्यायचेच, त्यात वाद नाही. पण मागायचे कसे, हे रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिलंय. 1 एप्रिल 2022 पासून हे नियम लागू आहेत. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच व्हायची. तुम्ही लागोपाठ दोनदा तिथं गेला नाहीत, तरच ते घरी किंवा कामावर येऊ शकतात. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं, नाव जाहीर करणं, यातलं काहीच चालत नाही. वसुली एजंट आला तर ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र मागा. हे कर्ज विनातारण असतं, त्यामुळे सिलिंडर किंवा मिक्सर उचलून न्यायचा त्यांना अधिकार नाही. आणि नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस कुणाला धरून नेत नाहीत.

दंडाचंही बघा. समजा 28,000 बाकी आहेत आणि 1,100 चा एक हप्ता चुकला. दंड त्या 1,100 वरच लागतो, 28,000 वर नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्यालाही दंड नाही.

आता आपल्या बाजूचं. सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, असा नियम आहे. घरात 12,000 येत असतील तर 6,000 पर्यंत. सावकाराचे किंवा हातउसने घेतलेले पैसे कंपनीला दिसत नाहीत, ते आपणच धरायचे. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज काढलं की हा हिशोब मोडतो. त्यापेक्षा पाऊस लांबला, दवाखाना निघाला, तर तारखेच्या आधीच शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. थकबाकी क्रेडिट ब्युरोत नोंदली जाते, पुढचं कर्ज मागताना तीच बघतात. हा रिपोर्ट प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो.

त्रास झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. अर्ज लिहायला आपल्या सीआरपी ताई मदत करतील.

पुढच्या सभेला येताना घरातली सगळी कार्डं घेऊन या, कर्जाच्या कागदांसकट. बाकी, व्याज आणि विम्याचे कापलेले पैसे एकत्र बसून तपासू.