लशीची इजा : मेहेरबानी की देणे?



लस ही केवळ टोचून घेणाऱ्यासाठी नसते. वस्तीतील बहुसंख्य मुलांनी ती घेतली, की ज्यांना ती देता येत नाही अशा तान्ह्यांचेही रक्षण होते. म्हणून तर शासन घरोघर जाऊन तिचा आग्रह धरते. या सामुदायिक लाभाची किंमत क्वचित एखाद्याला आपल्या शरीराने मोजावी लागते. ती त्याच्या एकट्याच्या माथी मारायची, की समाजाने वाटून घ्यायची? हा प्रश्न वैद्यकाचा नव्हे, समाजव्यवस्थेचा आहे. ब्रिटनमध्ये तो पन्नास वर्षांपूर्वी ऐरणीवर आला.

1974 साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील डॉक्टरांनी डांग्या खोकल्याच्या लशीनंतर मेंदूचे विकार जडलेल्या 36 मुलांची माहिती प्रसिद्ध केली. काहूर उठले. लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांवरून 30 टक्क्यांच्या आसपास घसरले आणि 1977 ते 1979 या काळात रोगाची मोठी साथ आली. पुढे संशोधनात लशीवरचा तो ठपका टिकला नाही. 1988 साली लंडनच्या न्यायालयानेही तो सिद्ध झालेला नाही असाच निर्णय दिला. परंतु पालकांच्या संघटनेने 1973 पासून लावून धरलेली मागणी लस बंद करण्याची नव्हतीच. इजा झालेल्या मुलांचा भार शासनाने उचलावा, एवढीच ती होती. मजूर पक्षाचे खासदार जॅक ॲशली यांनी ती संसदेत नेली. स्वतः मजुरी केलेला आणि खासदार असतानाच श्रवणशक्ती गमावलेला हा माणूस. शासनाने न ऐकणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

लस ऐच्छिक होती, हा बचाव तेथेही झाला. 1978 साली पिअर्सन आयोगाने तो मानला नाही. समाजहितासाठी शासनाने शिफारस केलेल्या लशीने गंभीर इजा झाली, तर दोष कोणाचा याची चिकित्सा न करता दायित्व शासनाचे, असे आयोगाने म्हटले. 1979 साली मजूर सरकारने कायदा केला. पण दायित्व शब्द टाळून. भरपाई नव्हे, एकरकमी 10,000 पौंडांचे ‘प्रदान’, आणि तेही 80 टक्के अपंगत्व असेल तरच!

2002 साली ही अट 60 टक्क्यांवर आली. 2007 साली रक्कम 1,20,000 पौंड झाली आणि पुढे सतरा वर्षे, महागाई कितीही वाढली तरी, तो आकडा हलला नाही. खरी मेख टक्केवारीतच आहे. हे टक्के मोजायचे ते कामगारांच्या अपघातांसाठी केलेल्या कोष्टकाने. त्यात एक हात तुटला तर 60 टक्के, एक डोळा गेला तर 40. म्हणजे लशीने एक डोळा गेला, हे शासनाने मान्य केले तरी हाती पैही पडणार नाही. कारखान्यातील जखमेला निदान टक्क्यांच्या प्रमाणात निवृत्तिवेतन मिळते; येथे एक तर सर्व, नाही तर शून्य.

2020 च्या डिसेंबरात कोविडची लस या कायद्याखाली आली आणि हजारो अर्ज दाखल झाले. इजा लशीनेच झाली हे मान्य होऊनही, 60 टक्के भरत नाहीत म्हणून अनेकांना नकार मिळाला. लस बनविणाऱ्या कंपनीला मात्र शासनाने दाव्यांच्या खर्चाची हमी आधीच देऊन ठेवली होती! कंपनीची जोखीम सार्वजनिक आणि रुग्णाची जोखीम खासगी, असा हा हिशेब. इजेच्या प्रमाणात चढत जाणारी भरपाई, महागाईशी जोडलेली रक्कम आणि ठराविक मुदतीत निर्णय, या तीन दुरुस्त्यांना कोणत्याही नव्या शोधाची आवश्यकता नाही.

ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची हीच लस पुण्यात तयार होऊन ‘कोविशील्ड’ या नावाने भारतात कोट्यवधींना दिली गेली. तिनंतर दगावलेल्या दोन तरुण मुलींच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा 2022 च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने शपथपत्र केले : लस ऐच्छिक होती, शासन भरपाईस बांधील नाही, पालकांनी दिवाणी न्यायालयात जावे. पिअर्सन आयोगाने चव्वेचाळीस वर्षांपूर्वी नाकारलेला तोच हा बचाव. आणि दिवाणी न्यायालयात कोणाचा तरी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. येथे तर लस निर्दोष बनलेली, नीट टोचलेली, आणि तरीही मुलगी गेलेली असू शकते.