एका ऑक्सिजन अणूचा फरक

लोणी, संगमनेर, नगर इथं बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या मुलामुलींना प्लास्मिडची व्याख्या पाठ असते: जिवाणूत सापडणारं डीएनएचं छोटंसं कडं. ह्या कड्यामुळे कॅन्सरच्या अभ्यासात काय साधलं, ते मला एका प्रयोगातून सांगायचं आहे.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल पुरी झाली का, तो कुठं तुटलाय का, हे तपासलं जातं. विभाजनाला चालना देणारं एक प्रथिन आहे, सीडीसी-25सी. 473 अमिनो आम्लांची साखळी. वेळ होईपर्यंत तिच्यातल्या 216व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट लागलेलं असतं. त्याला धरून 14-3-3 नावाचं दुसरं प्रथिन येऊन चिकटतं आणि सीडीसी-25सी केंद्रकाबाहेर अडकून पडतं. भंडारदऱ्याचं आवर्तन तारखेआधी सुटू नये, तसाच हा बंदोबस्त.

पण हे सगळं त्या एका सेरीनवर अवलंबून आहे, हे कशावरून? बोस्टनमध्ये काम करणाऱ्या सोराब दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली ह्याचा पुरावा प्रसिद्ध केला. त्यांनी 14-3-3 ची पकड मोडणारे बदल प्रथिनात मुद्दाम केले. त्यातला एक म्हणजे सेरीनच्या जागी अॅलानिन. दोन्हींत फरक अवघ्या एका ऑक्सिजन अणूचा, पण फॉस्फेट जोडलं जातं ते त्याच ऑक्सिजनला! असं बदललेलं जनुक प्लास्मिडमध्ये बसवून माणसाच्या पेशींत सोडतात. जिवाणूचा प्रमोटर, म्हणजे जनुक वाचायला सुरुवात करून देणारा डीएनएचा भाग, आपल्या पेशीला वाचता येत नाही, म्हणून अशा प्लास्मिडवर सहसा विषाणूकडून घेतलेला प्रमोटर असतो. निकाल स्वच्छ होता. मूळ प्रथिन केंद्रकाबाहेर राहिलं, बिघडवलेलं आत गेलं. त्याआधी 1997 मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या गटाला दिसलं होतं, की असं प्रथिन असलेल्या पेशी किरणोत्सारानं डीएनए तुटला तरी थांबत नाहीत, विभाजनाकडे जातात. कॅन्सरच्या पेशीची खोड नेमकी हीच, म्हणून हा प्रयोग मला इतका मोलाचा वाटतो.

दलाल पुढे खारघरला, टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक संस्थेत आले. 14-3-3 ची सात भावंडं सस्तन प्राण्यांत आहेत. त्यातलं गॅमा नावाचं प्रथिन विभाजनाआधीचा हा थांबा राखायला लागतंच, असं त्यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. म्हणजे हे काम परदेशातच होतं असं नाही, आपल्या नगरहून काही तासांवर होतं.

मग असा प्रयोग आपल्या कॉलेजात होईल का? माणसाच्या पेशी वाढवायला 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड राखणारा इनक्युबेटर हवा, तो प्रत्येक कॉलेजात नसणार. पण प्रयोगाचा पहिला अर्धा भाग साध्या प्रयोगशाळेत होतो. प्लास्मिड गाळणकागदावर वाळवून पोस्टानंही पाठवतात. तो तुकडा भिजवायचा, ई. कोलाय जिवाणूंमध्ये प्लास्मिड घालायचं, दुसऱ्या दिवशी वसाहती उगवतात. मग दोन प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, मागवून जनुकातलं एक अक्षर बदलायचं आणि सिक्वेन्सिंगला पाठवून ते खरंच बदललं का, हे पाहायचं. शिक्षकांना माझी विनंती आहे, शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून हे एकदा करून घ्या, आणि सिक्वेन्सिंगचा निकाल त्यांनाच वाचू द्या.