सिमेंटाला गोधडी, मजुराला काय?
(बांधकाम-मजुरांच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या मुलखांत पौषाच्या पहांटे अंग काकडलें कीं आपण शेकोटी पेटवितों व ऊन वर आल्यावर कामाला लागतों. पण जेथें दुपारींहि पाणी गोठलेलेंच राहतें, तेथें दगड फोडणाऱ्या व बर्फ उपसणाऱ्या आपल्या भावंडांची स्थिति काय होत असेल?

जोजीला घाट सुमारें साडेअकरा हजार फूट उंच. त्यापलीकडील द्रास येथें हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंशांच्याहि खालीं उतरतो. 1960 सालीं स्थापन झालेली सीमा सडक संघटना त्या मुलखांत रस्ते बांधते. पण त्यासाठीं राबणारे कित्येक हात झारखंडांतील दुमका भागांतून येतात. रोहतांगखालचा 9 किलोमीटर लांबीचा बोगदा 2020 च्या ऑक्टोबरांत खुला झाला. उद्घाटन करणाऱ्यांचीं नांवें सर्वत्र छापून आलीं. खणणाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक आहेत?

आतां एक गंमत पाहा. तपमान 5 अंशांवर किंवा त्याखालीं आलें कीं काँक्रीटची खास काळजी घ्यावी, असा भारतीय मानकांचा नियम आहे. पाणी तापवावें, गोठलेली खडी वापरूं नये, ओतलेला माल झांकून ठेवावा. कां? तर पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें व कच्चें काम भुसभुशीत होतें. हा नियम शहाणपणाचाच आहे. ‘सिमेंट आळशी झालें’ असें कोणी इंजिनिअर म्हणत नाहीं! मग आम्ही विचारतों, मजुराच्या देहांत काय दगड भरले आहेत?

देहाची उष्णता 37 अंश असते. ती 35 च्या खालीं गेली कीं हात थरथरतात, जीभ अडखळते, बुद्धि मंद होते. असा माणूस परातीवरून कोसळला तर मुकादम म्हणतो, ‘झिंगला होता!’ थंडीनें मारलेल्यावर वर बदनामीचा डाग! हा अन्याय आपण सोसतां कामा नये.

आपणहि कांहीं खुळ्या समजुती टाकल्या पाहिजेत. दारूनें ऊब येते हा भ्रम आहे. ती देहांतली उष्णता कातडीवाटे बाहेर घालविते. मोजे ओले झाले तर तत्काळ बदला. बोटें पांढरीं व बधिर झालीं तर चोळूं नका, विस्तवाजवळ धरूं नका. बधिर कातडी भाजलेलें कळत नाहीं. आडोशाला जाऊन कोमट पाण्यांत धरा व डाक्टर गांठा. बंद तंबूंत कोळशाची शेगडी ठेवून निजूं नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, आणि निजलेला उठत नाहीं.

बंधूंनो, 1996 सालीं बांधकाम-मजुरांसाठीं कायदा झाला व बांधकामाच्या खर्चावर निदान एक टक्का उपकर बसला. तो पैसा आपल्या घामाचा आहे, कोणाची भीक नव्हे. वर्षांत 90 दिवस काम केलेल्या प्रत्येकानें मंडळांत नांव नोंदवावें. आणि कंत्राटदाराजवळ एकजुटीनें मागावें : कोरडे बूट, हातमोजे, ऊबदार खोपट, गरम चहाची सुटी, व हवेमुळें काम थांबेल त्या दिवसाची मजुरी.

सिमेंटाला जी गोधडी मिळते, ती मजुराला मिळालीच पाहिजे!